गोडंबीच्या घरातला उन्हाळा

नातसून बाळंत झाली आणि घरात डिंकाच्या लाडवांची तयारी सुरू झाली. खारका आल्या, खोबरं आलं, मेथ्या दळून झाल्या. सुनेनं बाजारातून कागदाच्या पुडीत गोडंबी आणली, ओट्यावर ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि पुडी उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर सरकवली. या घरात हे ठरलेलं आहे. गोडंबी निवडायला मला कोणी बसवत नाही. म्हातारीला तिचा वास सोसत नाही, असं मुलं धरून चालतात. गोडंबीला नाक मुरडावं असा वास नसतोच मुळी. पण मी कधी त्यांची समजूत काढली नाही. त्यासाठी पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल, आणि पहिल्यापासून काहीही सांगायचं म्हटलं की मला आताशा थकवा येतो.

तरी फाल्गुन लागला की सुटका नाही. आरमोरीच्या बाजारात जंगलातल्या बाया टोपल्या घेऊन येऊन बसतात. एकीकडे वाळवलेले मोह, एकीकडे चिंचेचे गोळे, आणि एखादीपुढे फडक्यावर पांढऱ्या-गुलाबी गोडंबीचा लहानसा ढीग. पानगळ होऊन गेलेली असते, दुपारचा वारा धूळ घेऊन घरात शिरतो, आणि मी दारात बसल्या बसल्या पन्नास-साठ वर्षं मागं जाते. जायची इच्छा असते असं नाही. पाय दुखत असले तरी तेवढं जाणं होतंच.

ज्यांनी गोडंबी नुसती लाडवात खाल्ली आहे त्यांच्यासाठी सांगते. ती बिब्याच्या पोटात असते. बिब्याच्या फळाला एक केशरी, मऊ बोंड असतं. ते भाजून किंवा वाळवून खातात, छान गोड लागतं. त्या बोंडाच्या टोकाला काळी, चपटी, गुळगुळीत बी असते. धोबी जिच्या तेलानं कपड्यांवर खुणा करतो तीच ही बी. तेल एकदा कापडाला लागलं की कापड फाटेल पण डाग जात नाही. अंगाला लागलं तर कातडी भाजते, फोड येतात, सूज चढते. त्याला आमच्याकडे बिबा उतणं म्हणतात. आणि त्या काळ्या कवचाच्या आत, तेलाचा थेंबही न लागता, गोडंबी बसलेली असते. यावर लोक फार सुंदर सुंदर बोलतात. कडू कवच, गोड गाभा, माणसाचंही असंच असतं वगैरे. बोलणाऱ्यांपैकी फोडणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

माझं माहेर वर्ध्याकडचं, कापसाचं. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं एकच चौकशी केली, तिकडे ज्वारी होते का. नाही, धान होतं, असं कळल्यावर मला बांधून द्यायच्या सामानात तिनं ज्वारीची एक गोणी वाढवली. वडशापर्यंत रेल्वे, तिथून बैलगाडी. आरमोरी मागं पडली, कुरखेड्याच्या वाटेला गाडी लागली, तशी दोन्ही बाजूंनी झाडं जवळ जवळ येत गेली. मी उघड्या रानाची पोर. माझ्या गावी गावाबाहेर पाऊल टाकलं की पुढचं गाव दिसायचं. इथं बैलांच्या शिंगांपुढचं काही दिसेना. त्याच वर्षी आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्याला जोडला होता म्हणे. मलाही कोणीतरी तसंच उचलून दुसरीकडे जोडलं होतं, त्यामुळे त्या बातमीचं मला काही नवल वाटलं नाही.

घरात आम्ही तिघंच होतो. माझे मालक, त्यांची आई आणि मी. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाईंना मालक 'बाई' म्हणत, सगळं गाव बाई म्हणे, मीही तेच म्हणू लागले. बाई उंच, हाडापेरानं मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचे हात पहिल्यांदा पाहिले ते वाढताना. भाताच्या पांढऱ्या ढिगावर काळी बोटं. नखांच्या कडा, पेरांवरच्या रेषा, तळव्यावरचं सगळं आखलेलं नशीब काळंभोर. मला वाटलं हात धुतले नाहीत. नंतर कळलं, ते धुऊन जाणारे नव्हते.

धानाचं पीक वर्षातून एकदाच. मार्गशीर्षात धान घरात आलं की पोटाची काळजी मिटे, पण मीठमिरची, तेल, लुगडं, दुखणंखुपणं यांना धान पुरत नसे. मालक पीक निघालं की जंगलाच्या कूपात, म्हणजे सरकारनं तोडीला काढलेल्या पट्ट्यात, लाकूडकटाईला जात. आठवड्या-पंधरवड्यानं एखादी रात्र घरी. आणि बाई गोडंबी फोडत. पंचक्रोशीत पुष्कळ बाया फोडायच्या, पण बाईंची गोडंबी ही वेगळी. एकही फुटकी नाही, एकाही दाण्यावर काळा ठिपका नाही. बाजारातला शेठ त्यांच्या टोपलीवरचं फडकं वर न करताच वजनाला घ्यायचा. बाई याचा कधी तोरा मिरवत नसत. पण बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन निघाल्या की त्यांची चाल बदलायची, हे मी पाहिलेलं आहे.

बिबे आणायची मैना. ती जंगलातल्या गोंडांच्या गावची. बाईंच्याच वयाची, अंगानं काडी, पण डोक्यावर अख्खं पोतं घेऊन तीन टेकड्या ओलांडून यायची. पोतं टाकून ती ओसरीच्या खांबाला टेकायची. बाई तिला पाणी आणि तंबाखू द्यायच्या. मग दोघी कितीतरी वेळ काहीच बोलायच्या नाहीत. थकलेल्या बायकांचं तसं बसणं मला तेव्हा विचित्र वाटे. आता मी आणि माझी विहीण अशाच बसतो.

बिबे उन्हात पसरले जायचे. वाळले की अंगणाच्या कोपऱ्यात, मांडवाखाली, एका बसक्या दगडापुढे बाई ठाण मांडायच्या. आधी कोपरापर्यंत तिळाचं तेल, त्यावर राख. डाव्या हाताच्या दोन बोटांत बिबा कडेवर उभा धरायचा आणि उजव्या हातातल्या गोट्यानं हाणायचा. जोर जास्त झाला तर आतला दाणा चिरडतो, कमी झाला तर बिबा निसटून तेल उडतं. तो एक ठोका बरोबर पडला की कवच दुभंगतं आणि दाणा अख्खा राखेत पडतो. ठक. राखेत दाणा. ठक. राखेत दाणा. सकाळी ऊन यायच्या आधी सुरू झालेला तो आवाज दुपारपर्यंत चालायचा. शेजारची गंगूबाई आपले बिबे घेऊन तिथंच येऊन बसे. तिचा ठोका वेगळा, घाईचा. घरात स्वयंपाक करताना मला कळायचं, आता गंगूबाईनं हाणला, आता बाईंनी.

फोडताना बिब्याचं नाव घेत नसत. 'पाव्हना' म्हणायचं. पाव्हना वाळला का, पाव्हना आज कडक हाय. नाव घेतलं तर तो ऐकतो आणि अंगावर येतो, अशी समजूत. आणि घरात आलेल्या नव्या सुनेनं पहिली होळी होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तिच्या पावलांची त्याला सवय होऊ द्यायची. होळी झाली की सासू तिच्या हातांना तेल लावते, राख लावते आणि पहिला बिबा तिच्या बोटांत देते. म्हणजे ती त्या घरची झाली.

"आपल्या घराले पाव्हना मानते," बाई म्हणायच्या. "आजपर्यंत या घरच्या कोन्या बाईले तरास नाई झाला."

मी होळीची वाट पाहत होते. तसं खुळंच, पण मला वाटायचं, एकदा त्या दगडापुढे बसले की बाई माझ्याशी बोलतील. दिवसभर त्या घरात शब्द ऐकू यायचा तो त्या ठोक्याचाच. मनगटांना तेव्हाही अधूनमधून खाज सुटायची. मी म्हणायची, डास आहेत.

होळीला थोडे दिवस उरले असतील. सरपण आणायला गेले आणि पायात बोरीचा काटा भरला. लंगडत घरी आले. बाईंनी फोडणं थांबवलं, हात राखेनं चोळून स्वच्छ केले, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. लग्नानंतर मला कोणी असं मायेनं धरलेलं ते पहिलंच. सुईनं काटा काढला. मग एक बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला. तो तापला, फुसफुसला, त्याच्या तोंडाशी काळ्या तेलाचा थेंब जमला. तो थेंब त्यांनी काट्याच्या जागी टेकवला. चटका बसला. बाई म्हणाल्या, "आता पिकत नाई." या भागात काटा लागला, पाठ धरली, टाच फुटली की बिबाच घालतात. बाईंनी आपल्या मुलाला घातला होता, मैनेला घातला होता, गावातल्या अर्ध्या तळपायांना घातला असेल. आपल्या माणसाला जे करायचं तेच त्यांनी मला केलं. आज मी त्या क्षणाकडे पाहते तेव्हा मला त्यांचं वाईट वाटतं. माझं नंतर.

दुसऱ्या सकाळी पाऊल सुजलं. मग पोटरी. मग हात, मान. अंगावर पाण्यानं भरलेले फोड उठले. आणि मग चेहरा असा फुगला की डोळे मिटले ते उघडेचनात. बाईंनी तीळ आणि खोबरं वाटून लावलं, चिंचेचा पाला उकळून पुसून काढलं. वाटणाचा तो गारवा क्षणभर टिकायचा आणि पुन्हा आग. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

त्या फाल्गुनाचे कितीतरी दिवस मी पाहिलेलेच नाहीत. मला ते कानांनी आणि नाकानं ठाऊक आहेत. सकाळी मोहाचा जड, गोड वास यायचा, म्हणजे बाया वेचून परतल्या. दुपारी छपराच्या कवेलूवर वाळकी पानं सरकायची. उंबऱ्याशी कोंबडी येऊन टोचे. आणि अंगणातून ठक, ठक. बाजार जवळ आला होता, माल पुरा करायचा होता, बाई बसणार नाहीत तर कशा. तो आवाज माझ्या अंगावर पडायचा. प्रत्येक ठोक्याला वाटायचं, आता तेल उडालं.

एकदा गंगूबाईचं बोलणं ऐकू आलं. मला झोप लागली असं तिला वाटलं असेल, किंवा नसेलही वाटलं.

"वऱ्हाडाची कातडी हाय, बाई. इले पाव्हना मानत नाई. या घरात हे नाई टिकत. धाडून द्या माहेरी, अन पोराले इकडचीच एखादी पाहा."

बाईंचा ठोका चुकला. एवढंच मी ऐकलं. मग पुन्हा ठक, ठक.

गंगूबाई दुष्ट नव्हती. ती सरळ हिशेबाचं बोलली. ज्या घराच्या अंगणात, भिंतीत, चुलीच्या राखेत, भांड्यांच्या कडांना ते तेल मुरलेलं, तिथं माझ्यासारखीनं राहायचं तरी कसं? बिबा त्या घराचा पोशिंदा. एकतर तो राहणार, नाहीतर मी. आणि मी तर त्या घरात अजून वर्षाचीही नव्हते.

कोणी निरोप धाडला कोण जाणे, पण माझा भाऊ आला. त्याच्या पावलांचा आवाज मी ओळखला. तो दारातच थांबला असावा, कारण पावलं आत आली नाहीत. मग बाहेर जाऊन बाईंना म्हणाला, "बाई, मी हिले घेऊन चाललो. बरी झाली तरी वापस नाई धाडत. काऊन धाडू? मरासाठी?"

बाई म्हणाल्या, "जेवून घ्या, भाऊ."

तो जेवला. उद्या सकाळी निघायचं असं ठरलं, म्हणजे त्यानं ठरवलं. ओसरीवर त्याच्यासाठी बाज टाकली. मी आत पडून होते, आणि मला काय हवं होतं ते मी आता स्पष्ट सांगू शकते. मला आईकडे जायचं होतं. तिच्या हातची ज्वारीची भाकर, उघडं रान, पलीकडचं दिसणारं गाव. आणि मला जायचं नव्हतं. सुजलेल्या तोंडानं माहेरी गेलेली मुलगी त्या काळी परत येत नसे, आणि माझ्या मागं दोन बहिणी लग्नाच्या होत्या. शिवाय मालक. ते कूपात होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. आठवड्यानं येऊन ते रिकामी खोली बघतील. आमचं बोलणं तोवर फार झालेलं नव्हतं, पण ते आले की जंगलातून माझ्यासाठी काहीतरी खिशात घेऊन यायचे. कधी चार बोरं, कधी नुसतं रंगीत पीस. मला तो माणूस आवडायला लागला होता. हे सांगायला कोणी नव्हतं. भावाला काय सांगणार, आणि बाई तर बोलतच नव्हत्या.

उजाडत होतं तेव्हा अंगणातून नवाच आवाज आला. फावड्याचा. खर्र, खर्र, माती खरवडल्याचा. आदल्या दिवसापासून माझा एक डोळा थोडा किलकिला होत होता. भिंतीला धरून मी दारापर्यंत आले. बाई वाकून अंगण खरवडत होत्या. कितीतरी वर्षांच्या तेलानं चामड्यासारखी झालेली काळी माती त्या सोलून काढत होत्या आणि टोपल्यांत भरत होत्या. फोडायचा दगड जागेवर नव्हता. त्याच्या जागी ओलसर खड्डा होता. वाळवायला पसरलेले बिबे पोत्यांत भरून, तोंडं बांधून, वेशीकडच्या बाजूला मांडून ठेवलेले. माझा भाऊ ओसरीवर उठून बसला होता आणि नुसता बघत होता.

तेवढ्यात मैना आली, डोक्यावर नवं पोतं घेऊन. तिनं खरवडलेलं अंगण पाहिलं, पोती पाहिली, मला पाहिलं. पोतं खाली ठेवलं नाही.

"हेबी घेऊन जा," बाई म्हणाल्या. "अन तेबी. सारं घेऊन जा."

"कुठी नेऊ मी? कुरखेड्याले?"

"कुठीबी ने. मी नाई फोडत आता."

"हंगाम असा मधातच सोडते का कोनी, बाई?"

बाईंनी फावडं टेकवलं, पाठ सरळ केली. "सोडला," म्हणाल्या. आणि पुन्हा वाकल्या.

मैनेनं त्या दिवशी पाणी घेतलं नाही, तंबाखूही घेतली नाही. तिच्या नवऱ्यानं दुपारी येऊन पोती नेली. तिचंही त्यात नुकसानच होतं, तीन टेकड्यांच्या अलीकडचं तिचं एक हक्काचं दार बंद झालं. त्याबद्दल मी तेव्हा विचारच केला नाही. आजारी माणसाला आपल्यापलीकडचं दिसत नाही, आणि माझा तर एकच डोळा उघडा होता.

अंगण खालपर्यंत खरवडून झालं. बाईंनी नाल्याची नवी माती आणून टाकली, चोपली, सारवली. भिंती हात पोहोचेल तिथवर घासल्या. चुलीतली सगळी राख लांब नेऊन टाकली. भाऊ दिवसभर तिथंच होता. संध्याकाळी बाई हातपाय धुऊन त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, आता घरात पाव्हना नाई. तुमच्या बहिनीले इथीच राहू द्या."

माझा भाऊ मोठ्या तोंडाचा माणूस. पण त्या वेळी त्यानं हळू आवाजात मला विचारलं, तू काय म्हणतेस. मी म्हटलं, राहते. दुसऱ्या दिवशी तो एकटाच गाडीत बसला.

लोक याला त्याग म्हणतात. पुढं मीही कोणाकोणाला ही गोष्ट सांगितली तेव्हा ऐकणाऱ्यांनी लगेच तो शब्द पुढं केला. मला तो रुचत नाही. त्या शब्दानंतर माणसं गप्प होतात, जणू सगळं भागलं. भागलेलं काही नव्हतं. त्यानंतरचा अख्खा उन्हाळा होता, आणि उन्हाळ्यात रोज चूल पेटवावी लागते.

माझी कातडी सापाच्या कातीसारखी निघाली आणि खालून नवी, गुलाबी आली. मालक घरी आले, अंगण पाहिलं, आणि "बाईनं बिबा सोडला?" म्हणून हसलेच. त्यांना थट्टा वाटली. मग हसणं थांबलं. दोन दिवसांनी ते पुन्हा कूपात गेले, आणि त्या वर्षी वैशाख संपेपर्यंत परत परत गेले. एरवी ते चैत्रात घरी येऊन बांधबंधाऱ्याला लागायचे.

बाईंनी चाराचं काम धरलं. चार म्हणजे चारोळीचं झाड. फळ बोराहून लहान, पिकल्यावर काळंजांभळं, तोंडात टाकलं की जिभेला चिकटतं. गर खाऊन आतली आठळी फोडली की चारोळी. बिब्यासारखं भाजणं-पोळणं काही नाही. म्हणून मला वाटलं, हे सोपं. चार पिकायला लागला तशा आम्ही दोघी भल्या सकाळी जंगलात जाऊ लागलो. मैनेच्या गावचा पंडुम, नव्या फळाचा त्यांचा सण, अजून व्हायचा होता. तो झाल्याशिवाय तिच्या गावची माणसं नवं फळ तोंडात घालत नसत. वाटेत भेटली की ती आमच्या काळ्या ओठांकडे बघायची आणि पुढं जायची. पुढच्या वर्षी मात्र ती आपणहून आली, चाराची टोपली घेऊन, आणि खांबाला टेकली.

फळं भिजत घालायची, हातांनी चोळून गर काढायचा, आठळ्या धुऊन वाळवायच्या. आणि मग जातं. वरची तळी किंचित उचलून ठेवायची, इतकी की आठळी फुटावी पण दाणा चिरडू नये. आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, एकाच खुंट्याला दोघींचे हात. पहिल्या दिवशी जे सुपात पडलं ते पीठच होतं. तेलकट, करड्या रंगाचं पीठ. बाई त्याकडे बघत राहिल्या. ज्यांच्या हातून वर्षानुवर्षं एक दाणा फुटला नव्हता, त्या बाई सुपातले तुकडे बोटानं बाजूला सारत होत्या, एखादा तरी अख्खा आहे का म्हणून. त्यांच्या हाताला ठोका ठाऊक होता. फिरवणं ठाऊक नव्हतं. त्यांची कंबर त्या वयात जात्याला तयार नव्हती. उठताना त्या भिंत धरायच्या आणि मी पाहिलं की सोडायच्या.

बाजाराच्या दिवशी मीही बरोबर गेले. शेठनं सवयीनं फडकं न उचलता टोपली तराजूकडे ओढली, मग काय वाटलं कोण जाणे, फडकं उचललं. मूठभर चारोळी तळव्यावर घेतली, फुंकर मारली.

"बाई, हा तुमचा हात नाई वाटत," तो म्हणाला.

"माहाच हाय," बाई म्हणाल्या.

घरी येताना त्या पुढं चालत होत्या, मी मागं. रिकामी टोपली त्यांनी कडेवर घेतली होती. त्यांची चाल मी पाहत होते आणि मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी मला रागही येत होता. कोणी आपल्यासाठी एवढं केलं की त्याचं ओझं होतं. दिवसभर ते डोक्यावर वागवायचं, आणि कुठं उतरवायचं ते कळत नाही. बाई एखादं वाकडं बोलल्या असत्या, तुझ्यापायी हे झालं म्हणाल्या असत्या, तर मला हलकं वाटलं असतं. त्या काहीच बोलत नव्हत्या.

आता बचत गटाच्या बाया रबरी हातमोजे घालून गोडंबी काढतात, चारोळी फोडायला यंत्र आहे. चांगलंच आहे. माझी सून अशा एका गटात होती, तिथल्या बाया हसत, गात काम करतात. मला बोलावतात, सल्ला विचारतात. मी जाते, बसते, चहा पिते. सल्ला काय देणार? तेव्हा आमच्यापाशी ज्ञान काही नव्हतं. एक जातं होतं, आणि दोघींचे दमलेले खांदे.

वैशाखातली एक दुपार. बाहेर ऊन इतकं की कुत्रंसुद्धा आत येऊन पडलेलं. आम्ही जात्यावर होतो. एव्हाना हाताला थोडा अंदाज आला होता, सुपात निम्मे दाणे अख्खे पडत होते. माझ्या हाताच्या पाठीवर फोडांचे फिकट डाग होते, आणि त्याच खुंट्यावर बाजूला बाईंची काळी बोटं. फिरवता फिरवता माझ्या तोंडून निघून गेलं, इतके दिवस कोंडलेलं.

"बाई, माह्यापायी तुमचा हंगाम गेला. तुमचं नाव गेलं."

बाई फिरवत राहिल्या. जातं दोन-चारदा फिरलं असेल.

"तुह्यापायी कशाचं," त्या म्हणाल्या. "मलेई उतला होता."

मला कळलं नाही. "कोनाले?"

"मले. नवी होती तवा. तोंड असंच झालं होतं, तुह्यावानी. माही सासू म्हने, मानते, मानते, बसून राह्य. मी बसली. दरसाल उतला. दरसाल बसली. मंग एका साली नाई उतला. तवापासून म्हनतात, या घराले पाव्हना मानते."

जातं थांबलं होतं. कोणी थांबवलं ते मला आठवत नाही.

"अन कोनी म्हटलं नाई का, राहू दे म्हून?"

बाईंनी खरंच आठवून पाहिलं. एवढ्या वर्षांमागं जाऊन, त्या घरातल्या एकेका माणसाच्या तोंडाकडे त्या बघून आल्या.

"नाई," त्या म्हणाल्या. "कोनीच नाई म्हटलं. मी लय दिस वाट पाह्यली."

मग त्यांनी मूठभर आठळ्या जात्यात सोडल्या, आणि मी खुंटा धरला.